टबाच्या कडेची गळती: सिमेंट कुठे, सिलिकॉन कुठे

मुंबईच्या कापडबाजारात पुष्कळ इमारतींत खाली गोदाम आणि वर लॉज किंवा घरे असतात. वरच्या बाथरूमचे पाणी छतातून उतरले की पहिला मार कापडाच्या ताक्यांना बसतो. पांढऱ्या मलमलीवर बुरशीचा डाग पडला की तो सहसा जात नाही, आणि अख्खा ताका चिंधीच्या भावात द्यावा लागतो. आमच्या गोदामावर एका लॉजचा टब आहे. तीन वेळा मिस्त्री आला, तिन्ही वेळा कडेला पांढरे सिमेंट फासून गेला आणि तिन्ही वेळा त्याच कोपऱ्यातून पाणी आले.

याचे कारण साधे आहे. भिंतीवरच्या दोन टाइल्समधली फट आणि टब व भिंत यांमधली फट यांची जात वेगळी. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो वजन, शिवाय आत माणूस बसतो. टब केसभर खाली दबतो आणि रिकामा झाला की वर येतो. सिमेंट ताणत नाही, ते तडकते. म्हणून टबाच्या कडेला आणि दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात रबरासारखे ताणणारे सिलिकॉनच हवे. ग्राउट फक्त सपाट भागातल्या फटींत.

परंतु दोष फटींचाच आहे, याची आधी खातरजमा करावी. नळ बंद असतानाही थेंब पडत असेल तर पाण्याचा पाइप पाहावा. टब रिकामा करतानाच गळत असेल तर सांडपाण्याची जोडणी पाहावी. शॉवरच्या तोंडाला नळी लावून पाणी थेट जाळीत सोडावे. तरीही गळले तर भिंतीतला पाइप किंवा जाळीखालची जोडणी संशयित. नाही गळले, तर फटी. टाइल ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर नुसत्या फटी भरून भागणार नाही. ग्राउट स्वतः थोडे पाणी पितेच. पाणी अडवण्याचे खरे काम टाइलमागच्या वॉटरप्रूफिंगचे असते.

काम करताना बहुतेक कारागीर घाई करतात ती खरवडण्यात. जुन्या ग्राउटवर नवे फासले तर पापुद्र्यासारखे निघते. टाइलच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोलीपर्यंत जुने काढावे, धूळ झाडावी, फट किंचित ओलसर करावी. तीन मिलिमीटरपेक्षा अरुंद फटीला बिनवाळूचे ग्राउट, रुंद फटीला वाळूचे. पाणी बेताचेच घालावे. पातळ ग्राउट सुकताना आकसते. रबरी थापीने तिरपे दाबून भरावे, जरा आवळल्यावर पिळलेल्या स्पंजने पुसावे. शेवटचा पांढुरका थर सुती कापडाने पुसावा. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही, हे आमच्या धंद्यातला पोऱ्याही सांगेल. एपॉक्सी ग्राउट महाग पण मजबूत. मात्र ते लवकर आवळते, म्हणून थोडे थोडेच कालवावे.

सिलिकॉनच्या आधी जुने सिलिकॉन पूर्ण काढावे, कारण नवे त्याला चिकटत नाही. जागा खडखडीत कोरडी हवी. पावसाळ्यात यासाठी एखादा दिवस जास्त गेला तरी हरकत नाही. आंबूस वासाचे सिलिकॉन संगमरवराला डागते, तिथे न्यूट्रल प्रकारचे मागावे. मग टब पाण्याने भरून, फट पूर्ण उघडलेली असताना सिलिकॉन भरावे आणि निदान चोवीस तास पाणी तसेच ठेवावे. रिकाम्या टबावर भरलेले सिलिकॉन पहिल्याच आंघोळीला ताणून सुटू शकते.

आणखी एक. टाइल्स चमकाव्यात म्हणून लॉजमध्ये दर आठवड्याला ॲसिड ओततात. सिमेंटचे ग्राउट ॲसिडने झिजते, महिनोन्महिने थोडे थोडे. ॲसिड आणि ब्लीच एकत्र झाले तर विषारी वायू निघतो, तो वेगळा धोका. साध्या साबणाच्या पाण्याने टाइल्स पुरेशा स्वच्छ होतात. मालकाने सफाईवाल्याला तेवढे सांगून ठेवावे.