वॅट वाढवून भागत नाही

नवा डीजे सामान घ्यायला निघाला की दुकानात पहिला प्रश्न वॅटचा निघतो. गिऱ्हाईकही ‘किती बेस, किती टॉप?’ एवढंच विचारतं. पण हाताशी असलेला पैसा आधी वॅटवर ओतणं हा या धंद्यातला सर्वांत महागडा गैरसमज आहे. अॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबलने. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. उलट मोकळ्या लॉनवर एका स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे २ मीटरवर बसलेले आजोबा आणि १६ मीटरवरचे वऱ्हाडी यांच्या कानांत १८ डेसिबलचा फरक! मागच्यांसाठी आवाज चढवला की पुढचे उठून जातात. त्यापेक्षा टॉप स्टँडवर, माणसांच्या डोक्यांहून उंच लावावेत, कारण वरच्या पट्टीचा आवाज गर्दीत अडतो आणि विरतो. लॉन लांबलचक असेल तर मध्यावर छोट्या स्पीकरची दुसरी जोडी ठेवावी. ती मुख्य स्पीकरपासून १७ मीटर पुढे असेल तर तिला सुमारे ५० मिलिसेकंदांचा डिले द्यावा, नाहीतर निवेदकाचा शब्द मागे घुमत येतो. बेसचं गणित वेगळं. दोन बेस शेजारी ठेवले तर एकट्यापेक्षा ६ डेसिबलपर्यंत जास्त मिळतात; दोन टोकांना नेले की कुठे धडधड, कुठे काहीच नाही.

लाइटचंही तेच. जुन्या १००० वॅटच्या चार पार कॅन लावल्या की ४ किलोवॅट गेले, आणि १६ अँपिअरचा सॉकेट ३.७ किलोवॅटच्या आसपासच दम तोडतो. एलईडी पार घ्यावेत, साउंड आणि लाइटच्या लाइन वेगळ्या ठेवाव्यात, आणि अर्थिंग तपासल्याशिवाय मिक्सरला हात लावू नये. लेझरचा झोत लोकांच्या डोळ्यांच्या उंचीवर तर कधीच नको. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा सेन्सरही त्याने जळतो.

यावर धंदेवाले म्हणतील, स्पीकरची भिंत दिसल्याशिवाय सुपारीच मिळत नाही. खरं आहे, मिरवणुकीच्या बाजारात तर नक्कीच. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंदच. जी ताकद पूर्ण वाजवताच येत नाही, तिच्यासाठी हप्ते का फेडायचे? मोठी ऑर्डर आली तर जादा बेस त्या रात्रीपुरते भाड्याने आणता येतात.