ड्राइव्ह: आधी वाचा, मग बदला

पुणे-नगर रस्त्यावरच्या वाघोलीची जुनी ओळख म्हणजे काळ्या दगडाच्या खाणी आणि खडी क्रशर. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत आलं, तोवर तिथे उंच सोसायट्याही उभ्या राहिल्या होत्या. क्रशरचा पट्टा आणि सोसायटीचा मोठा पंप दोन्ही थ्री-फेज मोटरवर चालतात. मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करायचा असेल, तर पॅनलमध्ये व्हीएफडी बसवतात. वायरमनच्या तोंडी तो नुसता ‘ड्राइव्ह’.

ड्राइव्ह ४१५ व्होल्टच्या एसीचा आधी सुमारे ५८५ व्होल्टचा डीसी करतो आणि त्यातून हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा एसी पुन्हा तयार करतो. डेन्मार्कच्या डॅनफॉसने १९६८ पासून असे ड्राइव्ह मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले. चार पोलची मोटर ५० हर्ट्झला मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. ४० हर्ट्झला तिचा वेग पाचव्या हिश्शाने उतरतो. नुसतं पाणी फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूगल पंपाला तेव्हा जवळपास निम्मीच वीज पुरते. पाणी उंच चढवायचं असेल, तर बचत याहून कमी होते.

ही सारी किमया पॅरामीटरांवर चालते आणि ते शेकडो असतात. कीपॅडवर बाण दाबत त्यांतून हवा तो शोधणं जिकिरीचं असतं. लॅपटॉपवर सीमेन्सचं स्टार्टड्राइव्ह किंवा एबीबीचं ड्राइव्ह कंपोजर उघडलं, की पूर्ण यादी समोर येते आणि त्यात शोधता येतं. सीमेन्सच्या सिनॅमिक्स ड्राइव्हमध्ये ‘पी’ने सुरू होणारे पॅरामीटर बदलता येतात, ‘आर’ने सुरू होणारे फक्त वाचायचे असतात. पी०३०५ म्हणजे मोटरचा रेटेड करंट, पी११२१ म्हणजे थांबायला लागणारा वेळ, तर आर००२६ डीसी व्होल्टेज दाखवतो.

समजा, जड पंखा थांबवताना ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो. अशा वेळी अनेकांचा पहिला संशय विजेच्या सप्लायवर जातो. पण थांबण्याचा वेळ फार कमी ठेवला असेल, तर फिरता पंखाच मोटरला जनरेटर बनवतो, ऊर्जा उलटी येते आणि डीसी व्होल्टेज चढतं. पंखा थांबत असताना आर००२६ वर नजर ठेवली, की हे आकड्यांतच दिसतं. मग पी११२१ वाढवायचा. पटकन थांबणं गरजेचंच असेल, तर ब्रेकिंग रेझिस्टर बसवायचा. त्याउलट, ड्राइव्ह ओव्हरलोडवर ट्रिप होतो म्हणून पी०३०५ मध्ये नेमप्लेटपेक्षा जास्त करंट भरला, तर ट्रिप थांबेल, पण ओव्हरलोडचं संरक्षण लुळं पडेल आणि वाइंडिंग जळू शकेल.

म्हणून जाणता तंत्रज्ञ आधी फॉल्टची नोंद पाहतो, मग फॅक्टरी सेटिंगपासून काय बदललं आहे ते शोधतो. एबीबीच्या कीपॅडवर बदललेल्या पॅरामीटरांची वेगळी यादी मिळते, डॅनफॉसच्या क्विक मेन्यूतही ती आहे. लॅपटॉपवर पाहताना एक पथ्य पाळावं: स्क्रीनवरचे आकडे जुन्या फाइलमधले आहेत की ड्राइव्हमधले, हे आधी तपासावं. लॅपटॉप ड्राइव्हशी जोडून ऑनलाइन गेल्याशिवाय ड्राइव्हची खरी स्थिती कळत नाही.

सोसायटीच्या कमिटीला आणि क्रशरमालकाला एकच आग्रहाचं सांगणं आहे. पॅरामीटरांची फाइल फक्त ठेकेदाराच्या लॅपटॉपमध्ये राहू देऊ नका. ड्राइव्ह बसवला त्याच दिवशी तिची प्रत मागून घ्या, छापील यादी पॅनलच्या दारात ठेवा आणि प्रत्येक बदल तारखेसह त्यावर लिहा.