आकड्यांमागची हवा (लेखांक ६) : आगाऊ आकडे

गेल्या आठवड्यात आपण हवा मोजणाऱ्या केंद्राच्या गच्चीवर चढलो होतो. पंप हवा ओढतो, कागदी फितीवर धूळ साचते, त्या डागातून बीटा किरण किती पार झाले यावरून यंत्र धुळीचं वजन काढतं आणि तासाला एक आकडा लिहितं, इथवर आलो. एका वाचकानं कळवलं, ‘मग झालं की! आता सरासरी काढायची नि आलेख रंगवायचा.’ पर्यावरणाच्या आकड्यांवर पोट भरणाऱ्या माणसाबद्दल हाच समज सगळीकडे असतो. माझ्या घरीसुद्धा. प्रत्यक्षात माझा दिवस आलेख रंगवण्यात फार कमी जातो. तो जातो आगाऊ आकड्यांशी हुज्जत घालण्यात.

‘आगाऊ’ हा आमच्या कचेरीतला शब्द. समजा, पहाटेचे सूक्ष्म धुळीचे म्हणजे पीएम २.५चे आकडे असे आले : ४२, ३८, ९८५, ४१. शहाण्या मुलांच्या रांगेतून एकानंच टुणकन उडी मारावी तसा तो ९८५. पहाटे तीन वाजता हवेत असं काय झालं आणि चार वाजता ते कुठे गेलं? काही झालेलं नसतं. बऱ्याच ठिकाणी वापरलं जाणारं एक यंत्र उणे १५ ते ९८५ अशा मोजपट्टीवर लावलेलं असतं. फीत तुटली किंवा हवेचा ओघ अडला की ते त्या तासासमोर मोजपट्टीचं शेवटचं टोक लिहून मोकळं होतं. म्हणजे ९८५ हा धुळीचा आकडा नव्हेच, ती यंत्राची ‘मला बरं नाही’ अशी चिठ्ठी आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो ती चिठ्ठी सरासरीत मिसळतो आणि शहराची एक बरी पहाट खराब करून टाकतो.

मग सगळे ९८५ सरसकट खोडावेत का? आता लक्ष्मीपूजनाची रात्र घ्या. ३१०, ५६०, ७९०, ९८५, ६४०. इथला ९८५ खोडला तर आपण दिवाळीच खोडली. चढण आहे, उतरण आहे, शेजारच्या केंद्रावरही असाच डोंगर दिसतो आहे. इथे यंत्र आजारी नाही, त्याची पट्टी अपुरी पडली आहे. खरा आकडा ९८५हून मोठाही असू शकेल. तोच आकडा, एका रात्री चिठ्ठी आणि दुसऱ्या रात्री बातमी. त्यामुळे आकड्याकडे एकट्याकडे बघून काहीच कळत नाही. आधीचा तास, नंतरचा तास, शेजार आणि तारीख, इतकं पाहिल्यावर मग बोलायचं.

काही आकड्यांना मात्र इतकी चौकशीही लागत नाही. पीएम २.५ हा पीएम १०चाच भाग, कारण अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांत मोजले जातातच. तरी लहान आकडा मोठ्यापेक्षा मोठा झालेल्या ओळी सर्रास भेटतात. खिशातली रक्कम घरातल्या एकूण रकमेपेक्षा जास्त दाखवावी तसा हा हिशेब. सलग दहा तास ५७.३ दाखवणारं यंत्र झोपलेलं असतं. आणि कार्बन मोनॉक्साइड हा आमचा जुना शत्रू. बाकीचे वायू घनमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये, हा एकटा मिलिग्रॅममध्ये. एकक बघायचं राहिलं की हजारपटीचा घोटाळा ठरलेलाच.

उण्या आकड्यांची गोष्ट सांगतो, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलो. नोकरीतला पहिला पावसाळा. कोकणातल्या एका केंद्राचे आकडे माझ्याकडे आले : ४, २, उणे ३, ५, उणे १. हवेत उणे धूळ कशी असेल? मी सगळे उणे आकडे खोडले आणि स्वच्छ फाइल पुढे दिली. आमच्या वरिष्ठ मॅडमनी ती पाहिली आणि एवढंच विचारलं, ‘तराजूचा काटा दोन्हीकडे हलतो ना रे? मग तू एकाच बाजूचं का खोडलंस?’ पावसानं धुतलेल्या हवेत धूळ इतकी कमी असते की यंत्राची थरथर मोजायच्या वस्तूपेक्षा मोठी होते. खरी धूळ २ असेल तर यंत्र कधी ६ म्हणतं, कधी उणे २. दोन्ही ठेवले तर सरासरी खऱ्याच्या जवळ राहते. मी फक्त उणे काढल्यामुळे कोकणातल्या सर्वांत निर्मळ महिन्यात धूळ वाढवून ठेवली होती. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, मी तर नेमकं ओलंच वेचून जाळलं होतं.

हवेतून थोडं पावसात येऊ. मुंबईकरासमोर ९४४ एवढंच म्हणावं, तारीख तो सांगेल. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्याच चोवीस तासांत त्याच शहरात, पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्यात फक्त ७३. आता अशी कल्पना करा की त्या दिवशी शहरात कुणी राहतच नव्हतं आणि संगणकासमोर केवळ हे दोन आकडे आले. आमच्याकडे दोन चाळण्या नेहमी वापरात असतात. पहिली, सरासरीपासून फार लांब असलेला आकडा संशयित. दुसरी, शेजारच्या केंद्राशी न जुळणारा आकडा संशयित. ९४४ दोन्ही चाळण्यांवर अडकतो. नियम पाळणारा आज्ञाधारक संगणक तो बाजूला काढेल, आणि कागदोपत्री मिठी नदीला पूर आलेलाच नसेल.

साक्षीदार होते म्हणून तो टिकला. विहार तलावापाशीच्या नोंदीत पाऊस हजाराच्याही वर गेला होता. मुळात पहिली चाळणी पावसाला लावणंच चूक. माणसांच्या उंचीसारखे आकडे सरासरीभोवती घोळका करून राहतात. पाऊस तसा नाही. त्याचे बहुतेक दिवस शून्याचे किंवा किरकोळ, आणि वर्षाचा हिशेब चार-सहा दांडग्या दिवसांवर चालतो. शेजाराची चाळणीही जपून वापरावी. जुलै १९७४मध्ये नेमकं उलट झालं होतं, कुलाब्यात एका दिवसात ५७५ आणि सांताक्रूझला ३७५. दख्खनच्या पठारावर तर बांधाच्या अलीकडे ओलं नि पलीकडे कोरडं हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

या ९४४मध्ये आणखी एक खाच आहे, नवखा हमखास तिथे ठेचकाळतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री उलटत नाही. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा तो दिवस, आणि नोंद पडते ती मोजलेल्या सकाळच्या तारखेला. त्यामुळे २६ जुलैचा प्रलय अनेक तक्त्यांत २७च्या ओळीत सापडतो. तो तसाच उचलून रेल्वेच्या किंवा रुग्णालयांच्या नोंदींना जोडला, तर लोक पाऊस पडण्याच्या आदल्या दिवशी बुडाले असा निष्कर्ष निघेल. हसू नका, असे तक्ते मी पाहिले आहेत.

आगाऊ आकड्यांची सर्वांत मोठी गोष्ट मात्र पृथ्वीच्या तळाशी घडली. अंटार्क्टिकावर हॅली नावाचं ब्रिटिश केंद्र आहे. तिथे १९५०च्या दशकापासून डोक्यावरच्या ओझोनचं मोजमाप चालू होतं. नोंदी हातानं लिहिलेल्या, वर्षानुवर्षं साचलेल्या. त्या संगणकावर चढवण्याच्या कामाला १९७७मध्ये जोनाथन शँकलिन नावाचा तरुण लागला. ते केंद्र चालवणाऱ्या संस्थेत लोकांसाठी खुला दिवस होता. फवाऱ्यांतल्या वायूंनी ओझोन संपतो अशी चर्चा जोरात होती, तेव्हा ‘बघा, वीस वर्षांत काही बदललेलं नाही’ असं दाखवून लोकांना धीर द्यावा, म्हणून त्यानं जुने-नवे आकडे शेजारी मांडले. ते जुळेनात. दक्षिण गोलार्धातल्या वसंतात, ऑक्टोबरमध्ये, जो आकडा पूर्वी ३००च्या आसपास असे, तो घसरत घसरत २००च्या खाली आला होता.

त्याचे वरिष्ठ जो फारमन यांना पहिला संशय आला तो यंत्राचाच. यायलाच हवा. त्यांनी दुसरं यंत्र लावून पाहिलं, दुसऱ्या केंद्राचे आकडे ताडून पाहिले, आणि घसरण खरी निघाली. फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा लेख मे १९८५मध्ये ‘नेचर’मध्ये आला.

पण आकाशातून हेच बघणारा अमेरिकेचा निंबस-७ उपग्रह १९७८पासून फिरत होताच, त्याला कसं दिसलं नाही? उपग्रहाच्या प्रणालीनं ते आकडे फेकून दिले, अशी एक लोकप्रिय दंतकथा आहे. सांगायला चटकदार, पण पूर्ण खरी नाही. १८०च्या खालच्या आकड्यांवर प्रणाली ‘संशयित’ अशी खूण करत होती, पुसत नव्हती. नासात काम करणारे पवन भार्तिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खुणांचा हा ढीग दिसलाही. त्यांनी शहाणपणानं जमिनीवरचा साक्षीदार शोधला, तो दक्षिण ध्रुवावरच्या केंद्राचा. त्यानं सांगितलं, ३००, सगळं ठीक आहे. पुढे कळलं की त्या केंद्रावरचं यंत्रच चुकीच्या तरंगलांबीवर लावलेलं होतं. आगाऊ आकडा खरा आणि शहाणा साक्षीदार खोटा, असा तो उलटा मामला. पण मूळ आकडे खुणेसकट जपून ठेवलेले असल्यामुळे ब्रिटिशांचा लेख येताच ओझोनच्या थरातल्या या छिद्राचा अख्खा नकाशा काढता आला. १६ सप्टेंबर १९८७ला ओझोन संपवणाऱ्या वायूंना आवर घालणाऱ्या मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या. १६ सप्टेंबरला ओझोन दिन पाळतात तो त्याचमुळे.

म्हणून माझा नियम साधा आहे. मूळ फाइलला हात लावायचा नाही. शेजारी एक रकाना वाढवायचा आणि त्यात खूण, कारण, तारीख लिहायची. चूक माझी निघाली तर माझ्यामागून येणाऱ्याला ती उलगडता आली पाहिजे. आणि रिकाम्या जागी शून्य भरायचं नाही. कोरा रकाना म्हणजे ‘मोजलं नाही’, शून्य म्हणजे ‘मोजलं आणि काही नव्हतं’. पर्जन्यमापक तुंबलेल्या तालुक्यात शून्य भरलं, तर कागदावर दुष्काळ पडतो.

हा नियम पाळणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. अवघड जातं ते माणसांमुळे. एका बैठकीत मला अगदी गोड शब्दांत सुचवलं गेलं, ‘तेवढं ते चौकातलं केंद्र वगळा ना, शहराची सरासरी उगाच बिघडते.’ ते केंद्र ठणठणीत होतं. चौकच तसा होता. मी वगळण्याचं कारण रकान्यात लिहून मागितलं. ते काही आलं नाही, म्हणून केंद्र राहिलं. दरवेळी असं निभावतंच असं नाही, हेही सांगून टाकतो.

आता थोडं काम तुमच्याकडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून स्वयंचलित केंद्रांचे तासवार आकडे कुणालाही उतरवून घेता येतात. आपल्या घराजवळचं केंद्र निवडा, गेल्या दिवाळीचा आठवडा काढा आणि पीएम २.५ व पीएम १०चे रकाने शेजारी ठेवून वाचा. आगाऊ आकडा भेटला, तर त्याच्या आधीचा नि नंतरचा तास आणि शेजारच्या केंद्राचा आकडा सोबत लिहून पाठवा. निवडक नोंदी पुढच्या लेखांकात घेऊ. विषय असेल हवा गुणवत्ता निर्देशांक, जो काढायला चोवीसपैकी सोळा तासांचे आकडे पुरतात.