मुलांचा ताप आणि घरची शुश्रूषा

भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास कृष्णा, वारणा आणि येरळा या नद्यांच्या कांठीं अशीं घरें थोडींच असतील, कीं ज्यांत एखादें मूल तापानें अंथरुणास खिळलेलें नाहीं. याच वेळीं सोयाबीनची काढणी तोंडावर आलेली असते, द्राक्षबागांची छाटणी दारांत उभी असते, आणि आडसाली उसाला खतपाणी चालू असतें. अशा गर्दींत पोराचें अंग तापलें तर कोणी तें अंगावर काढतो, तर कोणी थर्मामीटरवर १०३ आकडा दिसतांच मध्यरात्रीं गाडी काढून मिरज किंवा कऱ्हाड गांठतो. वरवर पाहतां हीं दोन्ही वागणीं परस्परविरुद्ध दिसतात. पण दोघांचेंही लक्ष आंकड्यावर असतें, मुलावर नसतें.

उसाचें पान पिवळें पडलें म्हणून जाणता शेतकरी पानाला हिरवा रंग फांसीत नाहीं. तो मुळाशीं काय झालें तें पाहतो. ताप हें तसेंच पिवळें पान होय. शरीरांत रोगजंतु शिरले म्हणजे मेंदूंतील उष्णतेचें नियमन करणारें केंद्र स्वतःच अंगाची ऊब वाढवितें, कारण वाढलेल्या उष्णतेंत पुष्कळ जंतूंची वाढ मंदावते. हें केंद्र ऊब चढवीत असतांना मुलास थंडी वाजते, हातपाय गार लागतात. ऊब उतरवूं लागलें म्हणजे घाम सुटतो. शरीराची उष्णता १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरली म्हणजे ताप समजावा. काखेंत मोजल्यास आकडा सुमारें एक अंश कमी येतो. हाताच्या स्पर्शावर विसंबूं नये. पाण्यांत काम करून आलेल्या माणसाच्या गार हातास कोणतेंही मूल तापलेलेंच लागतें.

'ताप डोक्यांत जाईल' ही आपल्याकडील जुनी धास्ती आहे. सर्वसाधारण संसर्गाच्या तापानें मेंदूला इजा होत नाहीं. उन्हांत राहून झालेला उष्माघात ही निराळी गोष्ट. आणि मेंदूलाच संसर्ग झाला तर इजा होते ती त्या संसर्गानें, तापाच्या आंकड्यानें नव्हे. नागपूरजवळील चांदिपुरा गांवाच्या नांवानें ओळखला जाणारा विषाणु १९६५ सालीं सांपडला. त्याच्या विकारांत मूल कांहीं तासांतच बेशुद्ध होऊं शकतें. तेथें ताप किती चढला यापेक्षां मूल शुद्धींत आहे कीं नाहीं हेंच महत्त्वाचें ठरतें. म्हणून १०३ ताप असूनही औषधानंतर उठून बसणारें, पाणी मागणारें, भावंडाशीं भांडणारें मूल फारशी काळजी करण्याजोगें नसतें. आणि १०१ तापांत मलूल पडलेलें, आईकडेही न पाहणारें मूल ताबडतोब दवाखान्यांत नेण्याजोगें असतें.

शुश्रूषेचा भाग सोपा आहे, पण तोच आपल्याकडे उलटा होतो. तापलेल्या मुलास घोंगडींत गुंडाळून, खिडक्या लावून, चुलीच्या ऊबेंत निजवितात. त्यानें ऊब बाहेर जाण्याची वाट बंद होते. थंडी वाजत असेल तोंवर पातळ पांघरूण द्यावें, थांबतांच काढावें. अंगांत सुती सैल कपडा असावा व खोलींत वारा खेळता असावा. अंग पुसावयाचें तर कोमट पाण्यानें. बर्फ किंवा स्पिरिट लावूं नये. कपाळावरील मिठाच्या पाण्याच्या पट्टीनें मुलास बरें वाटत असेल तर ती ठेवण्यास हरकत नाहीं, मात्र तींतील मिठाचा कांहींएक उपयोग नाहीं. मोठ्या माणसांस सांगितलेलें लंघन लहान मुलांवर लादूं नये. अंगावर पिणाऱ्या मुलाचें दूध तोडूं नये, उलट अधिक वेळां पाजावें. मोठ्या मुलास भाताची पेज, पातळ ताक, वरणाचें पाणी थोडें थोडें द्यावें. उलट्या-जुलाब असल्यास क्षारसंजीवनी द्यावी. लघवी वेळेवर व फिकट रंगाची होत आहे कीं नाहीं हें आईनें पाहत राहावें. तोंडांत घातलेलें पाणी पुरेसें पोंचलें याची हीच पावती होय.

आतां औषधाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण घरीं होणाऱ्या चुकांपैकीं मोठी चूक येथेंच होते. तापावर मुलांस द्यावयाचें औषध मुख्यतः एकच, पॅरासिटामोल. आणि तेंही मूल तापानें कासावीस झालें असेल तर. त्याचें प्रमाण वयावर नव्हे, वजनावर ठरतें: दर किलोस १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तासांचें अंतर, दिवसांत चारांहून अधिक वेळां नाहीं. अंगणवाडींत मुलांचें वजन घेतात, तें टिपून ठेवावें. परंतु बाजारांत हें औषध एकाच तीव्रतेचें मिळत नाहीं. एका सिरपांत ५ मिलिलिटरमध्यें १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतें, दुसऱ्यांत त्याच ५ मिलिलिटरमध्यें २५०. आणि तान्ह्या मुलांसाठीं मिळणाऱ्या थेंबांत तर बहुधा एका मिलिलिटरमध्येंच १०० मिलिग्रॅम असतें. १० किलोच्या मुलास १५० मिलिग्रॅम लागतें. तें पहिल्या सिरपाचें सुमारें ६ मिलिलिटर, दुसऱ्याचें ३, आणि थेंबांच्या औषधाचें केवळ दीड मिलिलिटर होतें. 'मागच्या खेपेस सहा दिलें होतें' म्हणून थेंबांची बाटली सहा मिलिलिटर पाजली तर चौपट मात्रा होईल, आणि अशी मात्रा वारंवार गेली तर यकृतास घातक ठरेल. फवारणीचें औषध घेतांना डब्यावरील टक्केवारी वाचल्याशिवाय आपण पंपांत पाणी घालीत नाहीं. तीच दक्षता या लहान बाटलीस द्यावी. मात्रा मोजण्यास बाटलीसोबतचें मापच वापरावें, घरचा चमचा नव्हे. सर्दीच्या मिश्र औषधांतही पुष्कळदां पॅरासिटामोल असतें, तेव्हां तीं दोन्ही एकत्र पाजूं नयेत.

अॅस्पिरिन मुलांस देऊं नये. निमेसुलाइडला १२ वर्षांखालील मुलांसाठीं २०११ सालीं आपल्या देशांत बंदी झाली. तरी मोठ्यांसाठीं आणलेली गोळी अर्धी करून मुलास देणारीं घरें असतात. डेंग्यूची शंका असतां आयब्युप्रोफेनही टाळावें, त्यानें रक्तस्रावाचा धोका वाढतो. पुष्कळसे ताप विषाणूंचे असतात, त्यांवर प्रतिजैविकांचा उपयोग नाहीं. मागच्या आजारांत उरलेली बाटली कपाटांतून काढून पाजणें तर सर्वथैव वर्ज्य. खोकल्याच्या गोड औषधांचेंही तसेंच. २०२५ सालीं मध्य प्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत दूषित सिरपामुळें मुलें दगावलीं हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. पोटावर डाग देणें किंवा बिब्बा घालणें यानें ताप जात नाहीं. जखम मात्र होते व तिच्यांतून नवा संसर्ग शिरतो.

ताप उतरला म्हणजे दुखणें गेलें, ही समजूत डेंग्यूनें खोटी ठरविली आहे. जत, आटपाडी, माण, खटाव या कमी पावसाच्या तालुक्यांत टँकरचें पाणी पिंपांत व हौदांत साठविल्यावांचून गत्यंतर नसतें, आणि डेंग्यूचा डांस स्वच्छ साठलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो. नदीकांठच्या बागायती गांवांतही टाकून दिलेले टायर व उघड्या टाक्या त्यास पुरतात. या तापांत तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान अंग थंड होतें, घरच्यांस हायसें वाटतें, बाप शेताकडे वळतो. आणि नेमकें तेव्हांच कांहीं मुलांच्या रक्तवाहिन्यांतून रक्तांतील पाणी बाहेर झिरपूं लागतें. ताप उतरल्यावरचे २४ ते ४८ तास हेच सर्वांत सांभाळण्याचे. पोटांत जोराचें दुखणें, सारख्या उलट्या, हिरड्या किंवा नाकांतून रक्त, काळी शौचास, गार पडलेले हातपाय, लघवी कमी होणें, मूल अतिशय अस्वस्थ किंवा सुस्त होणें, यांपैकीं एकही लक्षण दिसलें तर 'पेशी' मोजण्याची किंवा पपईच्या पानांचा रस पाजण्याची वाट पाहूं नये. अंड्यापासून डांस व्हावयास आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यांतून एकदां सर्व भांडीं रिकामीं करून आंतून घांसावीं. नुसतें ओतून भागत नाहीं, कारण कोरड्या कडेस चिकटलेलीं अंडीं महिनोन् महिने टिकतात.

डॉ. वान्लेस यांनीं मिरजेस १८९४ सालीं रुग्णालय काढलें, तेव्हां हिंवताप डांसापासून होतो हेंदेखील सिद्ध झालेलें नव्हतें. रॉस यांचा शोध १८९७ सालचा. आज बोटाच्या एका थेंब रक्तावर हिंवतापाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांत होते, ती करून घ्यावी. दिवसागणिक चढत जाणारा ताप विषमज्वराचा असूं शकतो. पुराच्या किंवा उंदरांच्या वावराच्या पाण्यांत खेळलेल्या मुलाचे डोळे लाल होऊन पोटऱ्या दुखूं लागल्या तर डॉक्टरांस तसें आवर्जून सांगावें. गोवर आला म्हणून औषध बंद करण्याची चाल अजून कोठें कोठें आहे. २०२२ सालीं मुंबईंत गोवंडीस याच गोवरानें मुलें दगावलीं. नवव्या महिन्याची आणि दीड वर्षाच्या सुमाराची लस चुकवूं नये. लस टोंचल्यावर एक-दोन दिवस येणारा ताप मात्र साधा असतो.

तीन महिन्यांच्या आंतील बाळास ताप आला तर घरीं कोणताही उपचार न करतां तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. त्यापुढील मुलाचा ताप तीन दिवसांत हटला नाहीं तरी न्यावें. श्वास मोजावयास घड्याळ व उघडी छाती एवढेंच लागतें: दोन महिने ते एक वर्षाच्या मुलास मिनिटास ५० किंवा अधिक, एक ते पांच वर्षांच्या मुलास ४० किंवा अधिक श्वास असले, अथवा श्वास घेतांना बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जात असला, तर तो न्यूमोनिया असण्याचा संभव आहे. मान ताठ होणें, दाबूनही न मावळणारे जांभळे ठिपके, कांहींही न पिणें, न जागणें, हींही तशींच थांबूं न देणारीं लक्षणें होत.

सहा महिने ते पांच वर्षांच्या कांहीं मुलांस तापांत झटका येतो. तें दृश्य भयंकर, तथापि बहुधा तो कांहीं मिनिटांत थांबतो व मागें दोष ठेवीत नाहीं. मुलास कुशीवर वळवावें, जवळच्या टणक वस्तू दूर कराव्या, घड्याळ पाहावें. दांतांत चमचा घालूं नये, पाणी पाजूं नये, कांदा वा चप्पल हुंगवूं नये. पांच मिनिटांत न थांबल्यास १०८ क्रमांकास फोन करावा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून विनामूल्य मिळते. झटका लवकर थांबला तरी पहिल्या खेपेस मूल डॉक्टरांस दाखविणें अवश्य आहे.

निघतांना एका कागदावर ताप कधीं आला, किती होता, कोणतें औषध किती वाजतां व किती दिलें, शेवटची लघवी केव्हां झाली एवढें लिहून घ्यावें, आणि दिलेल्या औषधाची बाटलीही पिशवींत टाकावी. मुलाजवळ रात्रभर जागलेली आई किंवा आजी बरोबर असल्यास उत्तम, कारण डॉक्टर जें विचारतील तें तिलाच ठाऊक असतें.