हेर किम आणि निजामाचा हिरा

बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई ही गावं 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होती, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच घराण्यातल्या सहाव्या निजामाला, म्हणजे महबूब अली पाशाला, एका जवाहिऱ्याने लिंबाएवढा हिरा विकायचा घाट घातला. पुढे तो जवाहिऱ्या इंग्रजीतल्या एका अजरामर हेरकथेत जाऊन बसला. कादंबरीचं नाव 'किम'. लेखक रुडयार्ड किपलिंग, जन्म मुंबईचा. पुस्तक निघालं 1901 मध्ये. सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी ते अजून छापलं जातं आणि वाचलं जातं. त्यातले धागे ओढत गेलं की ते थेट आपल्या अंगणात येतात.

गोष्ट थोडक्यात सांगायची तर, किम हा लाहोरच्या गल्ल्यांत वाढलेला आयरिश सैनिकाचा अनाथ पोरगा. तो एका म्हाताऱ्या तिबेटी लामाचा चेला होतो. लामा शोधतोय पापं धुणारी नदी. किम त्याच्यासाठी भिक्षा मागत हिंडतो आणि हिंडता हिंडता इंग्रजांच्या हेरखात्यात ओढला जातो.

जवाहिऱ्या जेकब

कादंबरीत सिमल्याचा एक गूढ दुकानदार आहे, लर्गन साहेब. भुताचे मुखवटे, पूजेची भांडी, रत्नं असं सगळं विकणारा, आणि मागच्या खोलीत हेर घडवणारा. त्याच्यामागचा खरा माणूस अलेक्झांडर माल्कम जेकब. सिमल्यात त्याच्याबद्दल वाटेल त्या कंड्या पिकत: जादू येते, मनातलं ओळखतो, सरकारचा हेर आहे. एफ. मॅरियन क्रॉफर्ड या लेखकाने 1882 मध्येच त्याच्यावरून 'मिस्टर आयझॅक्स' ही कादंबरी बेतली होती. एकाच माणसावरून दोन कादंबऱ्या निघणं हा मान फार थोड्यांना मिळतो.

हिऱ्याची भानगड अशी. वजन 184.75 कॅरेट, म्हणजे आजच्या कोहिनूरपेक्षा कितीतरी जड. जेकबने किंमत सांगितली 46 लाख रुपये. निजामाने निम्मी रक्कम आधीच भरली. मग इंग्रज रेसिडेंटने नाक मुरडलं, निजामाचंही मन फिरलं आणि पैसे परत मागितले. जेकब पैसे देईना. 1891 मध्ये कलकत्त्याला खटला उभा राहिला. जेकब निर्दोष सुटला, पण वकिलांची बिलं भरता भरता पार धुऊन निघाला. ज्याच्या दुकानात राजे-महाराजे यायचे, तो 1921 मध्ये मुंबईत कंगाल अवस्थेत वारला. व्यवहारात मध्यस्थ होता निजामाचा खास नोकर आबिद. हैदराबादला गेलं की आपण ज्या आबिड्समध्ये खरेदीला जातो, तो भाग याच आबिदच्या नावाचा.

आणि हिरा? तो शेवटी निजामाकडेच राहिला. सातव्या निजामाला, उस्मान अलीला, तो वडिलांच्या जोड्याच्या टोकात सापडला म्हणतात, आणि त्याने तो कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवला. 1995 मध्ये भारत सरकारने निजामाच्या इतर दागिन्यांसह तो सुमारे 218 कोटींना घेतला. हल्ली त्याचा मुक्काम रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतो.

गंमत पाहा, कादंबरीतल्या घोडेविक्या हेराचं नावही महबूब अलीच. लाल रंगवलेल्या दाढीचा हा पठाण घोड्यांच्या वंशावळीच्या आडून लष्करी बातम्या पोचवतो. या सोंगाची हुशारी मराठवाड्याच्या माणसाला लगेच कळेल. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होती आणि तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. घोडदळ आलं की घोड्यांची गरज आली, आणि घोडे घेऊन छावणीत शिरणाऱ्याला कोण हटकणार?

पाढे म्हणा, जादू उतरवा

लर्गन किमला एक खेळ शिकवतो. ताटात रत्नं मांडायची, क्षणभर बघू द्यायची, वर वर्तमानपत्र झाकायचं आणि विचारायचं: सांग काय काय होतं? किम पहिल्या दिवशी दुकानातल्या लहान पोराकडून हरतो. त्या पोराने नुसते खडे मोजलेले नसतात. कोणता खडा किती रतीचा, कुठे भेग, कुठे डाग, सगळं तो घडाघडा सांगतो. बेडन-पॉवेलने 1908 च्या 'स्काउटिंग फॉर बॉइज'मध्ये हा खेळ 'किम्स गेम' या नावाने घेतला. शाळेत स्काउट-गाइडला असताना बांगडी, पेन, चावी, नाणं असं ताटात मांडून तुम्ही हा खेळ खेळला असाल, तर तुमची थोडी हेरगिरी झालेली आहे.

त्याच दुकानात याहून भारी प्रसंग आहे. लर्गन किमला पाण्याचं भांडं फेकायला लावतो, ते फुटतं, आणि किमच्या मानेवर हात ठेवून त्याला भास घडवू लागतो की तुकडे जुळताहेत, भांडं सांधलं जातंय. किमच्या डोळ्यांपुढे खरंच ते आकार घेऊ लागतं. तेवढ्यात किम मनातल्या मनात शाळेत शिकलेले पाढे म्हणायला लागतो, आणि भास विरतो. समोर नुसत्या खापऱ्या. आपल्या मास्तरांना हे कळलं असतं तर पाढ्यांची वेगळी महती सांगायची गरजच पडली नसती.

रेल्वेच्या डब्यातला मराठा

कादंबरीत एक मराठा हेर आहे, आणि त्याचा प्रसंग मला सगळ्या पुस्तकात सरस वाटतो. दिल्ली जवळ येत असते. डब्यात एक हडकुळा माणूस धडपडत शिरतो. तोंडावर जखमा, अंगरखा फाटलेला, पायाला पट्टी. बैलगाडी उलटली अशी थाप तो मारतो. किम त्याच्या घट्ट बांधलेल्या पगडीचा कल बघून ओळखतो की हा मराठा. मग गळ्यातल्या ताइतावरून आणि ठरलेल्या शब्दांवरून खूण पटते: हा खात्याचा ई-23. दक्षिणेतून एक पत्र हस्तगत करून तो पळालेला असतो. शत्रूने त्याच्यावर खोटा खुनाचा आळ घातलेला असतो आणि दिल्लीच्या फलाटावर पोलीस वाट बघत असतात.

हाताशी आहे काय? सहप्रवासी शेतकऱ्याकडचं पीठ, चिलमीतली राख, किमच्या झोळीतले थोडे रंग आणि अफूची गोळी. पगडी जाते, कपडे जातात, केस मोकळे सुटतात, अंगभर भस्म, वर गेरूचे पट्टे. गाडी थांबेपर्यंत भेदरलेल्या व्यापाऱ्याच्या जागी लालबुंद डोळ्यांचा, उद्दाम साधू पसरलेला असतो. फलाटावर तो मुद्दाम एका इंग्रज अधिकाऱ्याला धडकतो आणि शिव्यांची लाखोली वाहतो. त्या शिव्यांतच निरोप दडलेला असतो, कारण तो अधिकारीही खात्याचाच. सगळ्या प्रसंगात पिस्तूल नाही की गोळीबार नाही.

हेरांना असे आकडे देण्याची ही चाल जेम्स बाँडच्या आधीची. महबूब अली सी-25, खात्यातलाच आणखी एक हेर हरी बाबू आर-17. बाँडचा 007 आला 1953 मध्ये, म्हणजे 52 वर्षांनी. ब्रिटिशांचं सीक्रेट सर्व्हिस ब्युरोसुद्धा 1909 चं. किपलिंगने कादंबरीत खातं आधी काढलं, सरकारने लंडनमध्ये मागाहून.

वेषांतर करून फिरणारा मराठी हेर आपल्याला काही नवा नाही. शिवाजी महाराजांच्या बहिर्जी नाईकांनी 1664 च्या सुरतेच्या स्वारीआधी शहराची खडानखडा माहिती काढली होती. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर तर आपल्या दोन-तीन पिढ्या पोसल्या.

तोफ पानिपतची

किम पहिल्यांदा दिसतो तो लाहोरच्या संग्रहालयासमोर एका तोफेवर बसलेला. ती तोफ झमझमा. चौदा फुटांहून लांब, तांब्या-पितळेची, अहमदशहा अब्दालीच्या वजिराने ओतवलेली. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर ती आपल्याच माणसांवर डागली गेली. जिच्या तोंडासमोर आपल्या घराघरांतली माणसं कामी आली, तिच्यावर एक पोरगं पाय हलवत बसलंय आणि इतर पोरांना वर चढू देत नाहीये. मराठी वाचकाला ते पहिलं पान सहज ओलांडता येत नाही. ती तोफ आजही लाहोरला आहे.

समोरच्या संग्रहालयाचा प्रेमळ म्हातारा साहेब म्हणजे किपलिंगचे वडील लॉकवूड. ते खरोखरच तिथले प्रमुख होते. त्याआधी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे, आणि तिथल्याच आवारात 30 डिसेंबर 1865 ला रुडयार्ड जन्मला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकऱ्यांची शिल्पं लॉकवूड यांचीच. त्याच मार्केटात पहाटे आयाचं बोट धरून छोटा रुडयार्ड जायचा. ती आया पोर्तुगीज वळणाची ख्रिस्ती बाई. घरात पोराशी बोलणं व्हायचं ते हिंदुस्तानीत. किम स्वप्नंही हिंदुस्तानीत बघतो, ते उगाच नाही.

किम स्वतःही मुंबईला येऊन जातो बरं का! सुट्टीत महबूब अलीबरोबर, ट्रामचे घोडे घेऊन. मुंबईत 1874 पासून घोड्यांच्या ट्रामा धावत होत्या. तिथून गलबतात बसून अरबी घोडे आणायला जाऊ या, असा हट्ट तो धरतो.

मण्यांनी मोजलेला देश

खात्याचा प्रमुख कर्नल क्रायटन वरकरणी सर्व्हेचा साहेब. हे सोंग हवेतलं नाही. सर्व्हे ऑफ इंडियाने 1860 च्या दशकात नैनसिंग रावतसारख्या 'पंडितां'ना यात्रेकरूंच्या वेषात तिबेटात धाडलं. पाऊल ठरावीक लांबीचंच पडेल अशी तालीम, 108 ऐवजी 100 मण्यांची माळ, दर शंभर पावलांना एक मणी. टिपणं प्रार्थनाचक्रात लपवलेली. नैनसिंगला 1877 मध्ये रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. किमलाही असंच पावलं आणि मणी मोजायला शिकवतात. हा मोजणीचा पसारा सुरू करणारा विल्यम लॅम्बटन काम करता करताच 1823 मध्ये वारला, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे.

नावाचा महिमा

1912 मध्ये अंबाल्याला एका आयसीएस अधिकाऱ्याला मुलगा झाला. किपलिंगच्या नायकावरून घरच्यांनी त्याला 'किम' म्हणायला सुरुवात केली. हाच किम फिल्बी. ब्रिटिश गुप्तहेर खात्यात मोठ्या पदावर असताना तो वर्षानुवर्षं सोव्हिएत रशियाला गुपितं पुरवत होता. दोन जगांमध्ये अडकलेल्या पोराचं नाव त्याला असं लागू पडलं. कादंबरीतला किम पहिला गुप्त निरोप पोचवतो, तेही अंबाल्यालाच! इराणमधल्या 1953 च्या सत्तापालटामागच्या सीआयएच्या कर्मिट रूझवेल्टलाही जवळचे लोक किमच म्हणत.

नेहरूंनी आत्मचरित्रात लहानपणच्या आवडत्या पुस्तकांत 'किम'चं नाव घेतलंय. 1950 च्या हॉलिवूडच्या चित्रपटात महबूब अली झाला होता एरॉल फ्लिन. जामयांग नोर्बू या तिबेटी लेखकाने 1999 मध्ये हरी बाबूला थेट शेरलॉक होम्सच्या जोडीला दिलं.

एवढं काय आहे त्यात?

किपलिंग साम्राज्याचा माणूस होता. कादंबरीत इंग्रजांनी इथे राज्य का करावं, असं कुणी विचारतच नाही. 1857 आठवणारा म्हातारा शिपाईसुद्धा इंग्रजांच्याच बाजूचा. समीक्षक एडवर्ड सैद यांनी यावर नेमकं बोट ठेवलं आणि तरीही ही मोठी कलाकृती आहे असंच म्हटलं. मला दोन्ही पटतं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला ते आंधळेपण खुपणारच, आणि खुपायलाच हवं.

तरी पुस्तक हातातून सुटत नाही, ते रस्त्यामुळे. ग्रँड ट्रंक रोडवर लामा आणि किम चालतात तेव्हा कुणी त्यांना उपाशी ठेवत नाही. बडबडी म्हातारी बैलगाडीच्या पडद्याआडून जेवण धाडते, शेतकरी गाडीत जागा करून देतो, भाजीवाली आधी खेकसते आणि मग वाडगा भरते. आषाढीच्या आधी शेगावची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते तेव्हा अनोळखी दारांतून भाकरी-पिठल्याची ताटं कशी बाहेर येतात, ते ज्याने पाहिलंय त्याला हा रस्ता ओळखीचा वाटेल. हेरगिरीचा डाव सांगता सांगता किपलिंग या चालण्यात इतका रमला, की शत्रूचे नकाशे हातात आल्यावर किमला त्यांचं ओझंच होतं आणि जीव लागतो आजारी लामापायी.

वाचायला घ्यायचं असेल तर सोपं आहे. किपलिंग 1936 मध्ये गेला, त्यामुळे पुस्तकाचे हक्क कधीच खुले झालेत आणि ते मोबाइलवर फुकट मिळतं. जुन्या वळणाच्या इंग्रजीमुळे पहिली वीस-पंचवीस पानं जड जातात. तिथे थांबू नका, पुढे अंबाल्याची गाडी सुटते आणि डब्यातली माणसं बोलायला लागतात.