पेटला की विझत नाही!

फटाक्यातल्या बाणाची वात एकदा पेटली की तो थांबवता येत नाही, हे लहान मूलही सांगेल. अवकाशात जाणाऱ्या घन इंधनाच्या अग्निबाणाचे तसेच आहे. अ‍ॅल्युमिनियमची भुकटी, अमोनियम परक्लोरेट नावाचा क्षार आणि दोन्हींना धरून ठेवणारा रबरासारखा पदार्थ एकत्र कालवून मोठ्या नळकांड्यात ओततात व घट्ट होऊ देतात. क्षारातूनच प्राणवायू मिळतो, म्हणून हवेची गरज नाही. २०२३ साली चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या आपल्या अग्निबाणाच्या दोन बाजूंना असे प्रत्येकी सुमारे २०० टन इंधन होते. द्रव इंधनाचा नळ बंद करता येतो. येथे नळच नाही! म्हणून काय ते पेटवण्याआधीच ठरवावे लागते.

अमेरिकेच्या चॅलेंजर यानाचे घन इंधनाचे अग्निबाण युटा राज्यात तयार होत, तुकड्या-तुकड्यांनी आगगाडीने फ्लोरिडाला येत आणि तेथे जोडले जात. सांध्यातून आग बाहेर पडू नये म्हणून रबरी कडी बसवत. थंडीत रबर ताठरते. कंपनीतले अभियंता रॉजर बॉइस्जोली यांनी जुलै १९८५ मध्येच वरिष्ठांना लेखी इशारा दिला होता. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री त्यांनी व सहकाऱ्यांनी पुन्हा सांगितले, की एवढ्या थंडीत उडवू नका. कंपनीने आधी ते मानले. नासाचे अधिकारी नाराज दिसताच वरिष्ठांनी शब्द फिरवला. मोठा सांगतो म्हणून खरे मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. येथे मोजून-पारखून बोलणाऱ्यांनाच गप्प बसवले गेले.

दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यान फुटले. सातही जण गेले. दोन्ही अग्निबाण मात्र जळतच पुढे निघाले, शेवटी ते जमिनीवरून संदेश पाठवून उडवून द्यावे लागले.

त्या सातांत रोनाल्ड मॅकनेर होते. दक्षिण कॅरोलिनातल्या लेक सिटी गावचा हा काळा मुलगा. १९५९ साली, नऊ वर्षांचा असताना, ग्रंथालयात पुस्तके मागायला गेला, तर काळ्यांना मिळत नाहीत म्हणून पोलीस बोलावले गेले. पोरगा हलला नाही, पुस्तके घेऊनच घरी गेला. १९७६ साली एमआयटीतून भौतिकशास्त्राची डॉक्टरेट, १९८४ साली पहिली अवकाशफेरी. आज त्या ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीला त्यांचेच नाव आहे. चवदार तळ्याचा इतिहास जाणणाऱ्या घरांत ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, असे आम्हाला वाटते.

चौकशीत शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सर्वांसमोर दाखवला. दाबलेले रबर पूर्ववत होईना! बॉइस्जोली यांनी खरे ते सांगितले, आणि कंपनीत ते परके झाले. पुढे नोकरी सुटली. सांध्याला तिसरे कडे व उष्णता देणारी पट्टी बसवून यान पुन्हा उडाले ते सप्टेंबर १९८८ मध्ये.