निंबोळीचा अर्क

गुढीपाडव्याला कडुनिंबाचा पाला आपण तोंड वाकडे करून खातो आणि वर्षभर त्या झाडाला विसरतो. वास्तविक हेच झाड उभ्या पिकाचेही रक्षण करू शकते. मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपुरताच. तरीही मला जेवढे समजले तेवढे येथे मांडतो.

सन १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, निंबोळीच्या मगजाचे पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. पुढे १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये निंबोळीतून ‘अॅझाडिरॅक्टिन’ हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते किडीला तत्काळ मारीत नाही. त्याने तिची खाण्याची इच्छा जाते. शिवाय अळीला वाढताना कात टाकावी लागते. त्या क्रियेतच बिघाड होऊन ती मरते.

अर्क घरी करता येतो. पावसाळ्याच्या तोंडी पडलेल्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवाव्यात. अशा ५ किलो बियांची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळावी. वेगळ्या पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबण त्यात मिसळून एकूण १०० लिटर द्रावण करावे. हा झाला ५ टक्के अर्क. साबणामुळे तेलाचा अंश पाण्यात मिसळतो व फवारा पानावर नीट पसरतो. उन्हाने अर्काची शक्ती जाते, म्हणून त्याच दिवशी, संध्याकाळी फवारावा.

मात्र हा रामबाण उपाय नव्हे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी व लहान अळ्या यांवर तो चालतो; बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत तो पोहोचत नाही. कीड थोडी असतानाच फवारणी सुरू करावी लागते. पावसाने धुऊन गेल्यास पुन्हा फवारावे लागते.

निंबतेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर १९९४ मध्ये युरोपात एका अमेरिकन कंपनीला व अमेरिकेच्या कृषी खात्याला पेटंट मिळाले होते. भारतातून झालेल्या विरोधानंतर ते २००० मध्ये रद्द झाले व २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. हे ज्ञान जुनेच आहे हे सिद्ध झाले. परंतु जिंकलेले ज्ञान वापरले नाही तर त्या विजयाचा उपयोग काय?

सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. माझे वडीलही कपाशीवर मजुरीने फवारणी करतात. पंप त्यांच्या पाठीवर असतो. पण त्यात कोणते औषध घालायचे, हे मालक ठरवतो. म्हणून ज्या मित्रांच्या घरी स्वतःची शेती आहे, त्यांना माझी विनंती आहे की, यंदा निंबोळ्या पडतील तेव्हा चार पाट्या वेचून ठेवा आणि घरी हा विषय काढा. पंप वाहणाऱ्या माणसाचा श्वास तुमच्या घरच्या त्या बोलण्यावर अवलंबून आहे.